मोठाईची इर्जिक

पैशाचं काय करणार, असं कोणी विचारलं की मोठाई तोंडानं उत्तर देत नसे. पदराला हात पुसायची, दोन्ही पंजे पुढे धरायची आणि विचारणाऱ्याकडे बघत राहायची. नॉर्मल स्कूलच्या मोठ्या गुरुजींनी प्रवेशाच्या दिवशी हाच प्रश्न केला, तेव्हाही तिनं त्यांच्या टेबलावर हातच ठेवले. गुरुजी बिचारे गोंधळले. त्यांना वाटलं, बाईच्या हाताला काही लागलंय. रांगेत मागे उभी असलेली मी फिदीफिदी हसले. तिनं वळून पाहिलं आणि म्हणाली, "हसून झालं असन त पिशवी धर माही." मी धरली. पुढची दोन्ही वर्षं मी तिची पिशवी धरूनच होते म्हणा ना.

हे यवतमाळचं, नवे पैसे नुकतेच निघाले होते त्या काळातलं. मास्तरकीच्या ट्रेनिंगला तेव्हा आम्ही नुसतं नॉर्मल म्हणत असू. मी दिग्रसच्या कापसाच्या जिनिंगमधल्या मुनीमाची लेक, यवतमाळात मावशीकडे राहून शिकणारी, डोक्यात निव्वळ वारा. ती तिशीची, एका मुलीची आई. सातवी पास झाल्यावर तिची मधली सगळी वर्षं चूल आणि शेत यांतच गेली होती. वर्गात सगळ्यांत मोठी म्हणून मोठाई. हजेरीत तिचं खरं नाव पुकारलं की हे कोण बुवा, असा आम्हाला क्षणभर प्रश्न पडायचा.

नवऱ्यानं बोरी अरबच्या घरात दुसरी बायको आणली, त्या आठवड्यातच ती छबूला कडेवर घेऊन निघाली होती. लोक 'टाकलेली' म्हणत. ती तिथल्या तिथे दुरुस्त करायची, "मले कोणी टाकलं नाई. मी उठून आली." पण उठून येताना एक अट पाठीशी लागली होती. तिच्या भासऱ्यानं, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावानं, गावच्या पंचांपुढे वदवून घेतलं होतं की पोरगी आईजवळ राहील. मात्र ती उपाशी राहिली किंवा लोकांच्या दारी हात पसरायला गेली, तर बापाकडची माणसं तिला घेऊन जातील. वर नवऱ्याकडून दाणासुद्धा येणार नव्हता. ट्रेनिंगचं विद्यावेतन होतं, पण खोलीचं भाडं आणि वह्यापुस्तकं यांतच ते आटोपायचं. शिकणं सोडून मजुरी करावी तर जन्मभर मजुरीच. शिकत राहावं तर पोरीला खाऊ काय घालायचं? माझ्यासारखीनं रडून गोंधळ घातला असता.

मोठाईनं आमच्या आळीत वार लावले. पूर्वी गरिबाघरचे मुलगे शिकायला शहरात आले की सोमवारी या घरी, मंगळवारी त्या घरी जेवत, ते वार. मुलीसाठी वार लावल्याचं मी तोवर ऐकलं नव्हतं. आणि तिचे वार फुकटचे नव्हते. ज्या घरी छबू जेवायची, त्या घरचं एक काम मोठाईच्या अंगावर. सोमवार माझ्या मावशीचा, तिच्याकडे उडदाची डाळ वाटायची. वकिलीणबाईंचा मंगळवार, त्यांच्या सुनेला आणि तान्ह्या नातवाला पहाटे न्हाऊ घालायचं. असं करत आठवडा भरला. फाल्गुन लागला की आळीतल्या सगळ्या अंगणांत तिला बोलावणं. गव्हाच्या पिठाचा बारीक धागा काडीवर गुंडाळून सरगुंडे करावेत तर मोठाईनं. तो धागा तिच्या हातून तुटलेला मी पाहिला नाही. माझ्या हातून तो पुढे सरकलेलाच कोणी पाहिला नाही.

सुरुवातीला घोळ झाला. माझी मावशी आणि शेजारची गुजराथीण, दोघींनीही सोमवारच धरला. आमची छबू दोन्हीकडे पोटभर जेवली आणि एका शब्दानं बोलली नाही. दोन-तीन सोमवार असेच गेले. एकदा दुपारी पोट दुखायला लागलं, तेव्हा कुठे बिंग फुटलं. मोठाईनं लेकीला रागावलं नाही. उलट दुसऱ्या जेवणाची फेड म्हणून गुजराथिणीकडचे गहू निवडायला जाऊन बसली. मी म्हटलं, अगं, चूक त्यांची, तू कशाला मरतेस? तर म्हणाली, "जेवण त पोटात गेलं ना. मंग त्याची फेड कोण करन, तू?"

शुक्रवार चाचीचा होता. चाची म्हणजे मोठाईची मुसलमान घरमालकीण. तिचा नवरा जिनिंगची यंत्रं दुरुस्त करायचा आणि मोठाई त्यांच्या मागच्या खोलीत राहायची. चाचीनं पहिल्याच दिवशी छबूसाठी कोरी करकरीत वेगळी ताटली आणली होती. उद्या कोणी बोट दाखवायला नको, हा तिचा भला विचार. मोठाईनं ती ताटली घासूनपुसून तिलाच परत केली. पोरीचं पोट काही वेगळं नाही, मग ताटली कशाला, एवढंच बोलली. त्या काळात हे बोलायला काय लागत असेल, ते माझ्या वयाच्या बायकांना सांगायला नको. माझी मावशी आठवडाभर माझ्याशीच फुगून होती, जसं काही मीच जेवून आले.

नगदीबद्दल मोठाईचं एक ठरलेलं वाक्य होतं, "नगद म्हंजे दवाई. दुखलं तवाच काढायची." तेव्हा आण्यांचे नवे पैसे करताना बाजारात रोज भांडणं व्हायची. मोठाई म्हणायची की माझं बरं आहे, माझ्या हातांचं सरकारनं काही बदललं नाही. विद्यावेतनातून जे काही उरे ते एका डब्यात पडे, आणि त्या डब्याला हात लावायची कोणाची छाती नव्हती. मी एकदा सिनेमासाठी मागून पाहिलं. त्या नजरेची आठवण नको. पण छबू तापानं फणफणली, तेव्हा तिनं डॉक्टरांना घरी बोलावलं आणि त्यांच्यासमोर डबाच पालथा केला. नंतर त्याबद्दल एकदाही हळहळली नाही.

अभ्यास ती हातानं काम करता करता करायची. मी पुस्तक मोठ्यानं वाचायचं, तिनं सरगुंडे गुंडाळत ऐकायचं. मधेच थांबवून विचारायची, "काहून?" बालमानसशास्त्राच्या पुस्तकाला काहून विचारणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. मला उत्तर येत नसे, म्हणून मला मागचं पान पुन्हा वाचावं लागे. अशानं माझा अभ्यास होत होता, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

आणि एका शुक्रवारी भासरा आला. सोबत दोन पंच. कोणी कळ लावली कोण जाणे. चाचीच्या ओट्यावर छबू वरणभात खात बसलेली त्यांनी पाहिली. चाचीनं घाईघाईनं शाळेत निरोप धाडला, आम्ही दोघी पळतच आलो. भासरा अंगणात उभा होता, छबूचे कपडे बांधा म्हणत होता. आमच्या घरची पोरगी दारोदार वार लावून जेवते, आणि वार तरी कुठे कुठे, बघा म्हणत होता. छबू भाताचा हात तसाच धरून आईकडे पाहत होती. अटीतले शब्द मला पाठ होते आणि लोकांचं दार म्हणजे हेच, असं मलाही त्या क्षणी वाटलं.

मोठाईनं पदर डोक्यावरून घेतला. आवाज चढवला नाही.

"दादा, ह्या आळीत घरोघर जा. छबूच्या मायचं आपल्याकडं काय निघते, एवढं इचारा. माह्याकडं कोणाचं एका घासाचं देणं निघालं, त पोरगी घेऊन जा."

पंचांनी मान डोलावली, तेव्हा भासऱ्याला जावंच लागलं. मी मागोमाग. तसली वरात पुन्हा पाहायला मिळायची नाही. माझ्या मावशीनं चहा पाजला आणि सांगितलं की उन्हाळ्यापासून मोठाईची दोन दिवसांची फेड आमच्यावरच राहिली आहे. गुजराथिणीनं चिवडा दिला आणि तेच सांगितलं. वकिलीणबाईंनी तर नातवालाच बाहेर आणून दाखवलं. म्हणाल्या, ह्याच्या अंगावर जे मांस चढलंय ते तिच्या हातचं, ह्याचा काय भाव लावू? घरोघरी चहा पिऊन भासऱ्याचा चेहरा कडू होत चालला. शेवटी चाची पडद्याआडून म्हणाली, "भाईजान, देना तो हमारा निकलता है. छबू की माँ का कुछ नहीं."

दोघा पंचांतला जो म्हातारा होता, तो ओट्यावर टेकला आणि हसायलाच लागला.

"अरे, हे त इर्जिक हाय," तो भासऱ्याला म्हणाला. "तुह्या वावरात लोकं नांगर घेऊन येतात, तू त्याईले जेवाले घालतं. त्याईले भिकारी म्हणतं काय तू?"

ज्याच्या शेतात काम निघालं त्याच्याकडे सगळ्यांनी औतं घेऊन जायचं आणि त्यानं सगळ्यांना जेवू घालायचं, ही इर्जिक. भासऱ्याच्या स्वतःच्या शेतावर दरवर्षी ती होत असे. म्हाताऱ्यानं छबूला जवळ बोलावलं, भात निवला असेल, जेव म्हणाला, आणि अट संपली असं तिथेच सांगून टाकलं. मोठाई त्यांना वाकून नमस्कार करून आत गेली. आत ती रडली, चांगली हमसून रडली, आणि मीही रडले. मग तोंड धुऊन बाहेर येऊन तिनं चाचीची राहिलेली डाळ निवडायला घेतली.

परीक्षेत ती पहिल्या वर्गात आली. मी दुसऱ्या. तिला पहिली नेमणूक मिळाली पार मुकुटबनला. निघाली त्या दिवशी एसटीवर अख्खी आळी लोटली होती. चाची बुरखा सावरत गाडीच्या खिडकीशी उभी होती, नातू कडेवर घेऊन वकिलीणबाई उभ्या होत्या आणि छबू एकेकीला आपला वार कोणता ते आठवून सांगत होती. मोठाईच्या मांडीवर तो डबा होता. पहिला पगार त्यात पडला, तेव्हा तिनं मला पत्र लिहिलं की आता मुकुटबनात तिच्याकडे शाळेतल्या मुलींचे वार लागले आहेत.

काही वर्षांनी तिची बदली यवतमाळला झाली आणि ती चाचीच्या त्याच खोलीत परत आली. सुटीत मी दिग्रसहून तिच्याकडे गेले होते. सकाळी दारात पागोटं दिसलं. भासराच. बरोबर त्याची मुलगी, तिच्या हातात ट्रंक. मुलीला नॉर्मलला प्रवेश मिळाला होता, राहायची सोय कुठेच नव्हती. तो बोलायला लागला आणि मधेच अडकला. मला, खरं सांगते, फार बरं वाटलं. आता मोठाई काय काय ऐकवते, म्हणून मी कान टवकारून बसले.

तिनं पदर डोक्यावरून घेतला, पाणी दिलं. मुलीचे दोन्ही हात आपल्या हातात घेऊन उलटेसुलटे पाहिले आणि सरगुंडे करता येतात का, असं विचारलं. मुलीनं मान डोलावली. मग मोठाई भासऱ्याकडे वळली.

"राहील माह्यापाशी. पन मी शाळेत जातो, जेवणाचे वार लावा लागतीन. शुक्रवार चाचीकडं. चालते?"

छबू, आता चांगली मोठी झालेली, दाराशी उभी राहून भासऱ्याकडे बघत होती.

"चालते," तो म्हणाला, आणि मुलीची ट्रंक स्वतः उचलून आत ठेवायला गेला.