तीनदा लागलेली बोट

मी रत्नागिरीत घरी बसून पुण्याच्या एका कंपनीचे डेटाबेस सांभाळतो. म्हणजे नक्की काय करतो, हे आमच्या वाडीत एकाच माणसाला कळलेलं आहे. तो माणूस मीच, आणि त्याच्याविषयीही मला अधूनमधून शंका येते. दादा तांडेल आहे. तो बोट घेऊन समुद्रात जातो, मी खुर्ची घेऊन खिडकीशी जातो. घरात मान त्याला आहे, पंखा मला आहे.

बंदरावरच्या मच्छीमार सोसायटीला मी एक यादी करून दिली होती, फुकट. फुकट दिलेल्या गोष्टीविषयी माणूस जास्त बोलतो, तसा मी दोन वर्षं बोललो. वादळाचा इशारा आला की बोटी जी जवळ असेल त्या खाडीत शिरतात. कोणी दाभोळात, कोणी जयगडात, कोणी घरी. शिरल्यावर तांडेल वायरलेसवर सोसायटीच्या कारकुनाला सांगतो आणि कारकून ‘लागलेल्या बोटी’ या यादीत तिचं नाव टाकतो. घरची माणसं मोबाइलवर यादी उघडतात. नाव दिसलं की चूल पेटवायची, नाही दिसलं की पुन्हा उघडायची.

पहिल्याच वादळात ती यादी आडवी झाली. एका बोटीवर दहा-बारा खलाशी, त्यांतले निम्मे नेपाळचे, आणि एकेका खलाशामागे सतरा नातलग. इथल्या बायका, मुंबईतले चुलते आणि तिकडे नेपाळात डोंगरावर बसलेली एखादी आजी, सगळे मिळून सेकंदाला चौदा वेळा विचारायचे, लागली काय, लागली काय. बिचारा डेटाबेस उत्तरं देता देता बसला, आणि कारकुनाला नवी बोट लिहायलाच जागा राहिली नाही.

म्हणून मी क्लाउडमध्ये त्याची नक्कल उभी केली. मूळ डेटाबेसात फक्त कारकुनाने लिहायचं. लिहिलेलं आपोआप नकलेत उतरतं, आणि सगळ्या जगाने वाचायची ती नक्कल. ती फक्त वाचायचीच. तिच्यात कोणालाही अक्षर लिहिता येत नाही. मलाही नाही, तिला जन्माला घातलं तरी. हे मी सोसायटीच्या सभेत असं समजावलं की दोन संचालक रडायचे बाकी होते. तिसरे झोपले होते.

आता कारकून, म्हणजे सगळ्यांचे काका. काकांना तिथे तीस वर्षं झाली. त्यांच्या काळी रजिस्टर होतं आणि सोसायटीची एक रीत होती. काकांनी लिहायचं, मग रजिस्टर फिरवून समोरच्याने वाचायचं. दुसऱ्याने वाचेपर्यंत ते लिहिलं असं धरायचंच नाही. रजिस्टर मीच कपाटात टाकायला लावलं, पण रीत काही कपाटात मावली नाही. मी खिडकीबाहेर बायकांसाठी एक मोठा पडदा लावून दिला होता, तो अर्थातच नकलेतून वाचणारा. काका आत मूळ डेटाबेसात लिहायचे, चप्पल घालायचे, वळसा घालून बाहेर यायचे आणि पडद्यावर नाव बघून मान हलवायचे. मी हसायचो. नक्कल एका सेकंदाने मागे असते आणि काकांना वळसा घालायला दीड मिनिट लागतं, तेव्हा बिघडायचं काय होतं?

त्या दिवशी सकाळी समुद्र ताटातल्या पेजेसारखा शांत. अध्यक्षांना तालुक्याच्या बैठकीसाठी एक मोठा अहवाल हवा होता. दहा वर्षांत कुठली बोट कितीदा गेली, कुठे शिरली, सगळं. मी म्हटलं, नकलेवर चालवतो, मुळाला धक्का नको. अहवाल मध्येच तुटू नये म्हणून नकलेला सांगून ठेवलं की हा वाचून पुरा होईस्तोवर नवं काही आत घेऊ नकोस. अहवाल सुरू केला, पुण्याच्या मीटिंगला बसलो आणि अहवाल विसरलो. एवढंच केलं मी. याहून मोठा पराक्रम आमच्या घराण्यात कोणी केलेला नाही.

अकराला इशारा आला. बाराला वारा असा की समोरच्या कौलांनी जागा बदलल्या. साडेबाराला वहिनी माझ्या खोलीच्या दारात उभी राहिली, हातात मोबाइल.

“भावजी, एकपण बोट लागली नाय. असं कधी होतं काय?”

मी बघितलं. मूळ डेटाबेसात एकवीस बोटी लागलेल्या होत्या. नकलेत एकही नव्हती. नक्कल सकाळच्या शांत समुद्रातच बसून होती. मुळाच्या यादीत दादाच्या बोटीचं नाव शोधलं. होतं. दाभोळ. एकदा नव्हे, तीनदा.

मी वहिनीला म्हटलं, दादा लागला, दाभोळात आहे. तिने मोबाइल पुढे केला. मग इथे का नाय? मी म्हटलं, ही नक्कल आहे, मागे पडली आहे. ती म्हणाली, मग लिहा ना त्यात. मी म्हटलं, त्यात लिहिता येत नाही. घर बांधणाऱ्या गवंड्याने स्वतःच बसवलेलं दार आपल्याला उघडत नाही म्हणून सांगावं, तसं तिला वाटलं असणार.

तीनदा का, ते काकांना फोन केल्यावर कळलं. दादाने वायरलेसवर सांगितलं, काकांनी लिहिलं, चप्पल घालून बाहेर आले, पडद्यावर नाव नाही. पुन्हा आत, पुन्हा लिहिलं, पुन्हा बाहेर. तिसऱ्यांदाही तेच. इतर बोटींचंही थोडंफार असंच, पण बाकीचे तांडेल अनोळखी तरी होते किंवा काका दमले तरी होते. दादा त्यांचा लाडका, म्हणून त्याच्यासाठी तीन फेऱ्या.

मी त्यांना म्हटलं, काका, आता कशाला हात लावू नका. आणि अहवाल मारून टाकला.

इथेच सगळं सरळ व्हायला हवं होतं. पण नक्कल मागचं सगळं क्रमाने उतरवून घेते, एक घटना टाळून पुढे जात नाही, आणि मी ठेवलेलं मशीन होतं लहान. त्यावर आख्खी रत्नागिरी, अर्धी मुंबई आणि ते नेपाळ एकदम तुटून पडलेलं. नक्कल चालू लागली, पण शिडाच्या होडीसारखी. मुळाच्या वीस मिनिटं मागून. वहिनीच्या मोबाइलवर बोटी एकेक करून लागायला लागल्या. मग दादाची लागली. वहिनीने डोळे मिटले. पुन्हा उघडले तर दादाची बोट दुसऱ्यांदा लागलेली. मग तिसऱ्यांदा.

“ही काय भानगड?” वहिनी म्हणाली.

मी समजावत होतो तेवढ्यात तिकडे काकांनाही बाहेरच्या पडद्यावर दादा तीनदा दिसला. त्यांची तीस वर्षांची नोकरी खाली मान घालून उभी राहिली. तीन नावं म्हणजे नजरेला खड्यासारखी. मी हात लावू नका म्हटलं होतं, पण ते नव्या लिहिण्याविषयी असं त्यांनी धरलं. आत जाऊन एक नाव काढलं, वळसा घालून बाहेर आले. पडद्यावर अजून तीन. साहजिकच, पडदा वीस मिनिटांपूर्वीचा. गेलं नाही असं समजून दुसरं काढलं. पुन्हा चप्पल, पुन्हा तीन. तिसरंही काढलं.

मी इथे मुळाकडे बघत होतो. तीन होती. दोन झाली. एक झालं. मी फोन लावत होतो आणि फोन लागत नव्हता. टॉवरने पण खाडी गाठलेली असणार. एक होतं तिथे काही उरलं नाही.

आणि मला ठाऊक होतं की वीस मिनिटांनी हेच वहिनीच्या हातात घडणार. थांबवता येणार नव्हतं. नकलेत लिहिता येत नाही, पुसता येत नाही, तिला घाई करता येत नाही. मी मुळात नाव पुन्हा टाकू शकत होतो, पण तेही रांगेत मागून येणार. वहिनी आधी तीन बघणार, मग दोन, मग एक, मग काहीच नाही, आणि मग केव्हातरी माझं. ते कशाच्या जोरावर टाकू, हा वेगळाच प्रश्न. दादाचा आवाज काकांनी ऐकला होता, मी नाही.

शेवटी काकांचा फोन लागला. मी विचारलं, दादाच होता ना? काका म्हणाले, “अरे, तुझ्या दादाच्या मालकाच्या दोन बोटी. दोन्ही तांडेल वायरलेसवर मडक्यात तोंड घातल्यासारखे बोलतात. मला वाटलं होतं आपलाच. पण तो पडद्यावर नव्हता, मग होता, मग तीनदा होता. आता मलाच ठरत नाय.”

तीस वर्षांत काकांना आपल्या कानाविषयी कधी शंका आली नव्हती. ती मी आणून दिली, क्लाउडमधून.

वहिनीला मी आधीच सांगून ठेवलं की आता नाव जाईल, घाबरू नकोस. याहून मूर्ख वाक्य मी आयुष्यात उच्चारलेलं नाही, आणि माझी त्या क्षेत्रातली कामगिरी मोठी आहे. ती पडवीत बसली. नावं तिच्या हातात एकेक करून गेली. ती मोबाइल तसाच धरून राहिली, पावसाने भिजलेलं पाखरू धरावं तसा, दाबायचाही नाही आणि सोडायचाही नाही. मी चहा केला. तो तिने घेतला नाही, मीही घेतला नाही.

साडेतीनला अनोळखी नंबरावरून फोन आला. दाभोळातल्या कुणा दुकानदाराचा मोबाइल, बोलणारा दादा. वहिनीने स्पीकरचं बटण दाबलं, मलाही ऐकू येत होतं.

“मी कधीचा लागलोय. यादीत नाव आलं नाय काय?”

“आलं होतं,” वहिनी म्हणाली. “तीनदा.”

मग ती भिंतीला टेकली आणि बराच वेळ नुसती हं हं करत राहिली. दादा डिझेलविषयी, जाळ्याविषयी, कुणाच्या पायाला लागलं त्याविषयी बोलत होता. फोन ठेवता ठेवता वहिनीने विचारलं, मालकाची दुसरी बोट तुमच्याबरोबर आहे ना. दादा म्हणाला, सकाळी दिसली होती. नंतर नाय.

म्हणजे काकांनी बरोबर ऐकलं होतं. म्हणजे दुसऱ्या बोटीचा निरोप कुणीच ऐकलेला नव्हता.

त्या तांडेलाचं घर आमच्यापासून चार घरं सोडून. वहिनीने पदर खोचला आणि निघाली. मी लॅपटॉप मिटून मागोमाग गेलो. कशाला गेलो ते विचारू नका, माणूस जातो. ती बोट संध्याकाळी जयगडात लागली, सगळे सुखरूप, हे मी इथेच सांगून टाकतो. पण ते संध्याकाळी. तेव्हा चार वाजले होते.

त्याची बायको उंबऱ्यावर बसली होती. मला बघून तिचा चेहरा उजळला. यादी करणारा माणूस स्वतः दारात आला, म्हणजे काहीतरी घेऊनच आला असणार. तिने मोबाइल माझ्या हातात दिला.

“तुम्हीच बघा ओ जरा. आम्हाला नीट दिसत नसंल.”

मी बघितलं. नक्कल आता मुळाला येऊन मिळाली होती, एका सेकंदाचाही फरक नव्हता. दादाचं नाव फोन आल्यावर मीच घातलेलं, एकदाच, नीट. पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. मग तिला बरं वाटावं म्हणून पुन्हा एकदा, बोट ठेवून, सावकाश वाचली. यादी अगदी बरोबर होती. तिच्या नवऱ्याची बोट तिच्यात नव्हती.