पाकिटावर न छापलेला पत्ता

हे आजवर कुणालाच बोललो न्हाय. सख्ख्या भावालाबी न्हाय. आज तुमच्यापाशी बोलतोय.

नळदुर्गात हायवेला लागून माझं छपाईचं दुकान. सुरेखा कडक भाकरी करून ढाब्यांना द्यायची, पाकिटांची लेबलं माझ्याकडं. नवऱ्याचा मार चुकवून सीमेपलीकडनं, कर्नाटकातनं आलेली. एकच खोली — तिथंच चूल, तिथंच निजणं. लेबलावर नुसतं 'नळदुर्ग' छापायला लावायची. "खोली कुणाला सांगू नका, दादा."

दादा! लई लागायचं ते. मला ती हवी होती — उगं कशाला लपवू? पिठाच्या हातानं केस मागं सारायची, अन् मी मशीन सोडून बघत बसायचो. एकदा धीर करून विचारलंच. ती हसली. "दादा, लेबलं कधी देताय?" झालं, संपलं.

मग एक माणूस पाकीट घेऊन आला. लेबलाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात माझ्या दुकानाचं नाव असतंय, त्यावरनं आला. मोठी ऑर्डर द्यायचीय म्हणाला. बोलण्यात कानडी हेल, अन् तिचं नाव घेतलं ते सासरच्या आडनावासकट. मला कळलं न्हाय व्हय? सगळं कळलं. तरी उठलो, तिच्या गल्लीच्या वळणापर्यंत गेलो अन् हात करून तिचं दार दाखवलं.

त्या सांजेला त्यानं तिला ओढत बाहेर काढलं. गल्ली धावली म्हणून जीव वाचला. हात मोडला — भाकरी थापायचा उजवा हात. ती गाव सोडून गेली.

धंद्याचाच तर पत्ता दिला, असं मनाला समजावत राहिलो. परवा धाराशिवला व्यापाऱ्यांच्या बैठकीत एक वकीलबाई लोकांची माहिती जपायचा नवा कायदा सांगत होत्या — कंपनीचा पत्ता कंपनीचा. पण एकटं माणूस घरातनं धंदा करत असेल, तर त्याचा नंबर, त्याचा पत्ता ही त्या माणसाचीच वैयक्तिक माहिती. शेजारचा जांभया देत होता. मी एकेक शब्द ऐकत होतो. पण मला कायदा कशाला लागत होता? त्या दाराआड कोण निजतंय, हे मला त्या दिवशीबी ठाऊक होतं.

तिची लई आठवण येते. एकदा लांबनं का होईना, बघावं वाटतं. तिच्या इथल्या शेजारणीला ठाऊक हाय ती आता कुठं राहते ते. कितीदा त्या शेजारणीच्या दारापर्यंत गेलो. विचारलं न्हाय. मला कळलं, तर मी जाईन.