पंधरा टनी क्रेन आणि माझी ताई

त्या संध्याकाळी ताई कामावरून घरी आली ती जिने धडाधडा चढतच. आई स्वयंपाकघरातून ओरडली, "अगं हळू, पडशील!" आणि मग स्वतःच कपाळाला हात लावून हसली. ताईला कुठलं ऐकू जाणार? ती जन्मापासून ठार बहिरी. आईला हे छत्तीस वर्षं माहीत आहे, पण जिभेची सवय काही जात नाही.

ताईनं पिशवी दारातच टाकली आणि हात चालवायला सुरुवात केली. ती हातांनी बोलते, आणि मी लहानपणापासून तिचं बोलणं लोकांना सांगत आले आहे. पण त्या दिवशी तिची बोटं इतकी भरभर फिरत होती की मलाही काही अर्थ लागेना. शेवटी मी तिची दोन्ही मनगटं धरली. आमच्या घरात "सावकाश बोल" म्हणायची हीच रीत. तेव्हा तिनं मोबाइल काढला आणि कारखान्यातल्या सूचना फलकाचा फोटो माझ्या नाकासमोर धरला.

क्रेन चालकाच्या तीन जागा. कारखान्यातल्या कामगारांना प्राधान्य. दहावी पास, पाच वर्षं नोकरी, नजर चांगली, उंचीची भीती नसावी.

"यातलं काय नाही माझ्याकडे?" ताईनं विचारलं.

ताई लोखंडी पाइपांच्या कारखान्यात पॅकिंगला होती. तयार पाइपांच्या तोंडांना प्लास्टिकची टोपणं बसवायची, दिवसाला दोन-अडीच हजार. नऊ वर्षं तेच. आणि नऊ वर्षं तिच्या डोक्यावरून ती पिवळी पंधरा टनी क्रेन शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाइपांचे गठ्ठे घेऊन फिरत होती.

"पण ताई, क्रेन म्हणजे..." मी म्हणाले.

"म्हणजे काय? खाली खलासी उभा असतो. गठ्ठ्याला पट्टे बांधतो आणि हातानं खुणा करतो. वर घे, खाली सोड, डावीकडे, थांब. केबिनमधला माणूस त्या खुणा वाचतो आणि दांडे हलवतो. दिवसभर हातांची भाषा वाचायची, एवढंच तर काम आहे! त्या सबंध कारखान्यात ही भाषा माझ्यापेक्षा जास्त कुणाला येते, सांग बरं."

इतकी सरळ गोष्ट, आणि नऊ वर्षांत कुणाच्या डोक्यात आली नव्हती! मला इतका आनंद झाला की मी तिथल्या तिथे अर्ज लिहायला बसले.

चौथ्या दिवशी अर्ज परत आला. वर लाल शाईत तीन शब्द. "श्रवणदोष. सबब अपात्र." मुलाखत नाही, विचारपूस नाही.

ताई रडली नाही. तिनं भांडी घासायला घेतली. रागावली की ती भांडी घासते, आणि आपण केवढा दणदणाट करतोय हे तिच्या गावीही नसतं. सगळी भांडी पालथी घालून झाल्यावर ती माझ्यासमोर येऊन बसली. अपंगांच्या कामाच्या हक्कांचा कायदा तिनं कुठूनतरी छापून आणला होता आणि दोन वाक्यांवर हिरवी रेघ मारली होती. निव्वळ अपंगत्वाच्या कारणावरून कुणाची बढती अडवता येणार नाही. आणि काम करता यावं म्हणून वाजवी सोय करून देणं हे मालकाचं कर्तव्य आहे.

"उद्या पोस्टातून रजा घे," ती म्हणाली. "मला तुझं तोंड लागेल."

कारखान्यातल्या कामगार अधिकारी बाई चांगल्या होत्या. त्यांनी हिरव्या रेघा वाचल्या, लाल शाई वाचली, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "हा शेरा सेफ्टी साहेबांचा आहे. त्यांनाच बोलावते."

सेफ्टी साहेब आले. शिडशिडीत, टापटिपीचे, खोलीतसुद्धा डोक्यावर हेल्मेट. खुर्चीवर बसले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "हे बघा, तुमच्या बहिणीबद्दल माझ्या मनात काही नाही. पण आधीच्या कारखान्यात एका माणसाचा पाय क्रेनखाली गेलेला मी पाहिलाय. माझ्या डोळ्यांसमोर. उद्या खालून कुणी 'थांबा' म्हणून ओरडलं आणि हिला ऐकू नाही आलं, तर?"

मी ते ताईला सांगितलं. तिनं टेबलावर दोनदा टकटक केली.

"ती म्हणतेय, माझ्याकडे बघून बोला. काम मला हवंय, बहिणीला नाही," मी म्हणाले.

साहेब जरा वरमले. खुर्ची वळवून तिच्याकडे तोंड करून बसले.

"साहेब," ताईनं विचारलं, "काम चालू असताना तुम्ही कधी वर केबिनमध्ये बसला आहात?"

"तपासणीला बऱ्याचदा गेलोय."

"तपासणी रविवारी असते. शेड बंद असते. काम चालू असताना?"

साहेबांनी डोक्यावरचं हेल्मेट उगाच सरळ केलं.

"मग उद्या अकरा वाजता बसा. आम्ही खालून ओरडतो. तुम्हाला ऐकू आलं, तर मी माझा अर्ज फाडून टाकीन."

बाईंना हसू आवरेना. त्यांनी लगेच कागदावर वेळ लिहून टाकली.

दुसऱ्या दिवशी अकराला मी कुणाचंतरी ढगळ हेल्मेट घालून शेडमध्ये उभी होते. काय तो आवाज! पाइप कापणारी यंत्रं, हवेचा कॉम्प्रेसर, लोखंडावर लोखंड आपटल्याचा खणखणाट. शेजारची बाई माझ्या कानाला तोंड लावून काहीतरी सांगत होती आणि मला फक्त तिच्या श्वासाची ऊब कळत होती. सेफ्टी साहेब शिडी चढून वर गेले, रोजच्या चालकाशेजारी बसले, दार लावलं. क्रेन गठ्ठा अडकवायचा रिकामा आकडा घेऊन हळूहळू सरकू लागली.

"हं!" अधिकारी बाईंनी हात वर केला.

आम्ही ओरडलो. पॅकिंगच्या सगळ्या बायका, वेल्डर, मी, एवढंच काय, अधिकारी बाईसुद्धा, पदर सावरत. "थांबा! थांबा हो! अहो साहेब, थांबा!" माझा घसा फाटायची वेळ आली. एका वेल्डरनं तर दोन-चार ठेवणीतल्या शिव्याही हासडून घेतल्या. अशी संधी पुन्हा थोडीच मिळणार होती? वर क्रेन आपली निवांत चालली होती. काचेमागे सेफ्टी साहेब रुमालानं चष्मा पुसत होते. चष्मा लावल्यावर आम्ही दिसलो, तसा त्यांनी प्रेमानं हात हलवला.

तेवढ्यात म्हातारे खलासीकाका दोन पावलं पुढे झाले. तोंडातून अवाक्षर न काढता त्यांनी एक हात आडवा पसरला, तळवा खाली.

क्रेन जागच्या जागी थांबली.

साहेब खाली उतरले आणि म्हणाले, "मग? सुरू कधी करताय?"

असा काही हशा उसळला की सांगता सोय नाही! ताईला तो ऐकू आला नाही, पण चेहऱ्यांवर दिसला, आणि ती जागच्या जागी उड्या मारू लागली. साहेब आधी गोंधळले, मग लालबुंद झाले, आणि मग, हे मात्र त्यांचं कौतुकच, स्वतःही पोट धरून हसले. हसू ओसरल्यावर ते सरळ ताईसमोर जाऊन उभे राहिले आणि तिला ओठ दिसतील असं सावकाश म्हणाले, "प्रशिक्षण घ्या. पण परीक्षेत कसलीही सूट मिळणार नाही."

"सूट कोण मागतंय?" ताई म्हणाली. "मी दोन दिवे मागतेय."

एक दिवा केबिनमध्ये, आगीचा भोंगा वाजला की लागणारा. दुसरा क्रेनच्या हॉर्नला जोडलेला, म्हणजे हॉर्न खरंच वाजतोय हे तिला कळावं. कारखान्याच्या वायरमननं दोन्ही दिवे अर्ध्या दिवसात बसवले. नऊ वर्षांची अडचण अर्ध्या दिवसाची निघाली.

मग सहा आठवडे शिकणं. गुरू, अर्थातच, खलासीकाका. पहिल्याच दिवशी दोघांचं वाजलं. काकांच्या एका हातात कायम घाम पुसायचा रुमाल, त्यामुळे 'हळू'ची दोन हातांची खूण ते एकाच हातानं उरकायचे. ताई शिडी उतरून खाली आली, त्यांच्या हातातला रुमाल काढून त्यांच्याच खांद्यावर ठेवला आणि सोबतच्या पाटीवर लिहिलं, "काका, तुम्ही बोबडं बोलता."

"बत्तीस वर्षं खुणा करतोय मी!" काका भडकले. दोन दिवस तिच्याकडे बघेनात. तिसऱ्या दिवशी रुमाल कमरेला खोचून आले.

सगळं गोडगोडच झालं असं नाही. तिसऱ्या आठवड्यात ताईनं क्रेन घाईनं वळवली, गठ्ठा झोक्यासारखा हलला आणि रंगाचा एक पिंप आडवा झाला. जवळ कुणी नव्हतं म्हणून निभावलं. ती घरी आली ती पांढरीफटक. जेवली नाही. आईनं तिला जवळ घेतलं तेव्हा एवढंच म्हणाली, "साहेब घाबरतात ते खोटं नाही." दुसऱ्या दिवशी ती सर्वांच्या आधी शेडमध्ये हजर झाली. रिकामा आकडा घेऊन तासभर नुसता तो न झुलवता थांबवायचा सराव केला.

परीक्षा घ्यायला बाहेरून परीक्षक आले होते. उमेदवार पाच. आकड्याला पाइपांचा गठ्ठा, शेडच्या दुसऱ्या टोकाला जमिनीवर खडूचा चौकोन. गठ्ठा रेघेवर न जाता चौकोनात बसला पाहिजे, तीनदा. मी पुन्हा रजा टाकून आले होते, आणि माझ्या शेजारी सेफ्टी साहेब माझ्याहून जास्त अस्वस्थ होऊन नखं खात उभे होते.

पहिला गठ्ठा आत. दुसरा आत. तिसरा गठ्ठा निम्म्या वाटेत असताना परीक्षकांनी खलासीकाकांना न सांगता, शेडच्या भलत्याच कोपऱ्यातून हात आडवा केला. नियम असा की थांबायची खूण कुणीही करो, चालकानं थांबायचंच. तिचं लक्ष काकांकडे असणार!

क्रेन थांबली. गठ्ठा जरासा हलला आणि स्थिर झाला.

"शाब्बास!" सेफ्टी साहेब ओरडले. मग जीभ चावून त्यांनी दोन्ही हात वर केले आणि पंजे हवेत हलवले. टाळ्यांची ही खूण ताईनं पॅकिंगच्या बायकांना शिकवली होती. साहेबांनी ती कधी उचलली कुणास ठाऊक.

ताई पाचांत दुसरी आली. पहिला आलेला माणूस फक्त दोन गुणांनी पुढे होता, हे तिला अजून झोंबतं.

आता ती सकाळच्या पाळीला क्रेन चालवते. ते दोन दिवे बाकीच्या चालकांनीही मागून घेतले; वर बसल्यावर भोंगा त्यांनाही ऐकू येत नव्हता, फक्त सांगायचं कुणी हा प्रश्न होता. अर्जावर शेरा मारण्याआधी उमेदवाराला समोर बोलावायचं आणि काय सोय लागेल ते विचारायचं, असा लेखी नियम अधिकारी बाईंनी करून घेतला. पहिला फायदा रंगखात्यातल्या एका बाईंना झाला. त्यांचा एक पाय अधू; गोदामाची नोंद ठेवायचं काम त्यांना उंच स्टूल आणि कठडा मिळाल्यावर झकास जमतंय. त्यांचा अर्ज ताईनंच लिहून दिला. शुद्धलेखन मी तपासलं.

क्रेनवरच्या पहिल्याच पाळीनंतर ताई घरी आली तेव्हा आम्ही ताटं वाढून बसलो होतो. पण जेवायला हात मोकळे हवेत, आणि तिचे हात थांबायला तयार नव्हते. एकेचाळीस गठ्ठे उचलले होते तिनं, आणि प्रत्येकाची गोष्ट सांगायची होती. सतराव्या गठ्ठ्यापर्यंत आमटी निवली. आईनं ती पुन्हा गरम केली आणि समोर बसून म्हणाली, "हं, मग अठराव्याचं काय झालं?"