वही कपाटात गेली तो दिवस

बीडच्या ज्या कॉलेजात मी कंत्राटी नेटवर्क इंजिनियर म्हणून लागले, तिथं फायरवॉलपेक्षा जास्त मान होता आमच्या विभागप्रमुख सरांच्या वहीला. फायरवॉल म्हणजे नेटवर्कच्या दारावरचा पहारेकरी. कुठल्या संगणकाचा पत्ता काय आणि त्याला बाहेर कुठवर सोडायचं, हे सर वहीतून एकेक पाहून त्याला सांगत. संगणक दुसऱ्या खोलीत नेला की पत्ता बदले, पहारेकरी अडवी आणि बोलणी मी खाई.

मला त्या वहीचा मनापासून राग यायचा. माझे आईवडील ऊसतोडीला जात. पाटोद्याकडून निघालो की अर्धं वर्ष कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, आणि उसाचा फड तोडून संपला की कोपी मोडून पुढं. तरी गावाकडून भेटायला आलेला माणूस कधी चुकला नाही. कोपी कुठं आहे हे तो विचारतच नसे. कुठल्या मुकादमाची टोळी, एवढंच विचारी.

फायरवॉलमध्ये हीच सोय होती आणि ती धूळ खात पडली होती. संगणकाला टॅग, म्हणजे ओळखीची चिठ्ठी, लावायचा: ‘परीक्षा’. ज्याच्यावर हा टॅग तो या गटात, आणि नियम गटाला. संगणकाला नवा पत्ता मिळाला की तो टॅगसकट फायरवॉलला कळवणारा छोटा प्रोग्राम मी लिहिला.

“चालत्या कामाला कावून हात लावती?” सर म्हणाले. “परीक्षेत बंद पडलं तर पोरांचं वर्ष जाईल, आन् तुझं कंत्राट मी ठिवणार न्हाई. तसं कागदावर लिहून दे आन् सही कर.”

मी सही केली. वर म्हणाले, “चाललं तर वही कपाटात ठेवायची, सर.” भीती वाटत होती, पण गप्प बसणं मला जमत नाही.

ऑनलाइन परीक्षेच्या सकाळीच प्रयोगशाळेतली वायर जळाली. साठ संगणक उचलून ग्रंथालयात न्यावे लागले. तिथलं नेटवर्क वेगळं, म्हणजे साठही पत्ते नवे. दाराशी मुलं हॉलतिकीट धरून उभी. पेपरला वीस मिनिटं. सरांनी चष्मा लावून वही उघडली आणि तशीच धरून ठेवली.

मी स्क्रीनवर गट उघडून बसले. शून्य. मग चार. मग एकदम तीस. एकोणसाठला आकडा थांबला. धावत गेले, तर एका संगणकाची केबलच लावायची राहिली होती. ती खोचली. साठ.

पेपर वेळेवर उघडला. मी सर्व्हरच्या खोलीत जाऊन दार लावलं आणि चक्क नाचले.

पेपर संपल्यावर सर आले. “नवे पत्ते कोन टाकले?”

“कुणीच नाही.”

त्यांनी स्क्रीनवरचे साठ पत्ते वरपासून खालपर्यंत बोटानं मोजले. मग वही कपाटात ठेवली आणि किल्ली माझ्यासमोर टेबलावर. “उद्या मलाबी दाखवा, मॅडम.” तोवर मी त्यांच्यासाठी नुसती ‘ए पोरी’ होते.

वडिलांना, आमच्या दादांना, फोन लावून सगळं सांगितलं.

“म्हंजी कोप्या हलल्या, तरी टोळीवरनं वळखलं?”

“व्हय, दादा.”

“मंग ह्याला इंजिनियर कशाला लागतोय? आमच्या मुकादमालाबी जमलं असतं की.”

मी हसले, आणि हसता हसता डोळे भरून आले. त्या कॉलेजातलं माझं काम पहिल्यांदा कुणाला पुरतं कळलं होतं.