गोळ्या बंद झाल्यावर

लग्न होऊन मी सारंगखेड्याजवळच्या गावात आले तेव्हा चांगली सडपातळ होते. दोन बाळंतपणं झाली आणि अंग सुटलं ते सुटतच गेलं. घरात दूधदुभतं होतं, केळीचे मळे होते, खाण्यापिण्याला कुणी नाही म्हणत नव्हतं. पण दोन पोरांना वाढवून, घरच्या-मळ्याच्या माणसांच्या भाकऱ्या थापून मी स्वतः इतरांपेक्षा जास्त खात होते असं मला कधी वाटलं नाही. तरी जिना चढताना धाप लागायची आणि गुडघे ठणकायचे.

एकदा नात्यातल्या लग्नाला बैलगाडीने निघालो. मी मागे बसले तर गाडीवान बैलांच्या माना पाहून म्हणाला, "काकू, जराशा पुढे सरका. गाडी उलाळ व्हई ऱ्हायनी." मागे जास्त भार झाला की गाडीचं पुढचं तोंड वर उचलतं, त्याला उलाळ म्हणतात. तो बिचारा बैलांच्या काळजीने बोलला. गाडीतल्या बायका मात्र पदरात तोंड लपवून हसल्या. मी पुढे सरकले आणि लग्नघर येईपर्यंत कुणाकडे पाहिलं नाही.

साठ सालानंतरची गोष्ट ही. यजमानांनी मला सुरतेच्या एका डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी तपासलं, वजनकाट्यावर उभं केलं आणि पिवळसर गोळ्या दिल्या. सकाळी एक, दुपारी एक. म्हणाले, "यानं भूक मरेल. जेवण आपोआप कमी होईल."

भूक मेली खरंच. तव्यावरून उतरलेली ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, वर शेंगदाण्याच्या तेलाची धार, शेजारी वांग्याचं भरीत. मी हे सगळ्यांना वाढायचे आणि मला त्याचं काहीच वाटायचं नाही. जन्मात पहिल्यांदा मला कळलं की काही माणसं अशीच असतात. ताटाकडे पाहतात, चार घास खातात, उठतात. त्यांना मनाला लगाम घालावा लागत नाही. इतकी वर्षं लोक मला ज्यावरून बोलत होते, ते एका गोळीनं नाहीसं झालं होतं.

चोळ्या ढिल्या झाल्या. मी त्या आत घेऊन शिवल्या, पुन्हा घेतल्या. गावात वजन करायचं तर कापसाचा काटा होता, आणि तिथे गडीमाणसांसमोर कोण उभं राहणार? चोळी हेच माझं माप. त्या वर्षी सारंगखेड्याच्या घोड्यांच्या यात्रेत मी सगळीकडे पायी फिरले. यजमान मागे राहिले तेव्हा हसून म्हणाले, "आते मन्हा पाय दुखी ऱ्हायना, तू थांब."

पण झोप गेली. तोंड सारखं कोरडं पडायचं. छातीत असं धडधडायचं की शेजारी बसलेल्याला ऐकू जाईल असं वाटे. सासूबाई माझ्या ताटाकडे बघून म्हणायच्या, "वहू, हाई काय खानं शे? चिमनी बी यानापेक्षा जास्त खास." एके दिवशी कापूस निवडता निवडता डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी त्या ढिगावरच कोसळले.

सुरतेच्या डॉक्टरांनी बराच वेळ छातीला नळी लावून ऐकलं. "गोळ्या आजपासून बंद," ते म्हणाले. "हृदयाला सोसत नाहीत. वजन तर उतरलंच आहे. आता ते राखणं तुमच्या हातात."

मी आपली मान डोलावली. मला वाटलं, एवढं उतरवलं, राखणं काय अवघड?

चार-पाच दिवसांत भूक परत आली, आणि ती पूर्वीची नव्हती. पूर्वी जेवल्यावर शांत व्हायची, आता जेवण होऊन हात धुतानाच पुन्हा पोटात खड्डा पडायचा. भाजी फोडणीला टाकली की तोंडाला पाणी सुटून डोळेसुद्धा भरून यायचे. मी अर्धी भाकरी आणि ताक यावर राहू लागले. केळं बंद, गूळ बंद, तूप बंद. पहाटे तापीपर्यंत चालत जायचे, चालत यायचे. सोमवार धरला, एकादशी धरली. उपास खरा कशासाठी, ते देवाला ठाऊक असणार.

तरीही चोळी घट्ट होत गेली. आत घेतलेली एक शिवण उसवली, मग दुसरी. कुणाला सांगितलं तर कोण विश्वास ठेवणार? शेजारणी म्हणत, "चोरून खात असेल." मला स्वतःलाच कधी कधी शंका यायची, की मी झोपेत उठून खाते की काय.

शेवटी मी यजमानांना विनवलं, "एकदा जाऊन या. थोड्याच गोळ्या आणा." ते कापूस घेऊन सुरतेला गेले तेव्हा डॉक्टरांना भेटून आले. ओसरीवर बसून जोडे काढत म्हणाले, "डॉक्टर नही म्हने. तुन्हा जीवले धोका शे." मग पिशवीतून चोळ्यांचं कापड काढून माझ्यापुढे ठेवलं. नेहमीपेक्षा जास्त वार घेतलं होतं. मी घडी उचलून आत नेली.

त्याच सुमारास सासूबाईंनी एक गोष्ट केली. पुरुषमाणसं आणि पोरं जेवली की आम्ही दोघी चुलीपाशी जेवायला बसत असू. त्या दिवशी त्यांनी आपली भाकरी मोडली आणि अर्धी टोपलीत परत ठेवली.

"आत्या, तुम्ही का?"

"एकलीले उपाशी ऱ्हावानं जड जास," त्या म्हणाल्या. "दोन्ही जनी ऱ्हाऊत."

मी नको म्हटलं, रागावले, पाया पडले. ऐकेनात. खरं सांगायचं तर मला बरंही वाटलं. त्या घरात माझी भूक खरी मानणारं एक तरी माणूस होतं. आम्ही दोघी अर्धी अर्धी भाकरी सावकाश चावत बसायचो. त्या माहेरच्या गोष्टी सांगायच्या, म्हणजे टोपलीकडे माझं लक्ष जायला नको.

हे कित्येक महिने चाललं. मी हळूहळू वाढत होते आणि सासूबाई वाळत होत्या. मी माझ्या शिवणींकडे बघत होते, त्यांच्याकडे बघितलंच नाही. एका सकाळी त्या पीठ मळत होत्या आणि हातातलं चांदीचं कडं निघून परातीत पडलं. लग्नापासून ते हातातून निघालं नव्हतं. ते पुन्हा चढवायला मी त्यांचा हात धरला तर नुसतं हाड हाताला लागलं. गळ्याखाली खळगे पडले होते. उठायला गेल्या तर भिंत धरावी लागली.

मला रडू फुटलं. "आत्या, हे काय करून घेतलंत?"

"मन्हं म्हातारीनं काय?" त्या म्हणाल्या. "तुन्हं वजन उतरनं का नही, ते सांग."

माझ्या अंगावर तेव्हा यजमानांनी आणलेल्या कापडाची चोळी होती, आणि तीही दंडाला रुतत होती. सासूबाईंची नजर आता कमी झाली होती, त्यांना ते दिसत नसावं. मी काय सांगणार? उतरलं म्हणाले असते तर उपाय लागू पडला म्हणून त्या तशाच उपाशी राहिल्या असत्या. नाही म्हणाले तरी राहिल्याच असत्या.

त्या दुपारी मी दोघींना पुरती भाकरी वाढली. वरण घातलं, वरणावर तूप घातलं. त्या हात लावीनात. "पहिले तू," म्हणाल्या. मी एक घास घेतला, मग त्यांनी घेतला. मी थांबले की त्या थांबायच्या. ताट संपेपर्यंत हेच. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही. त्यांना जगवायचं तर मला खावं लागत होतं, आणि खाताना मला ते आवडतही होतं, इतकं की स्वतःचीच लाज वाटायची.

वर्षभरात मी पूर्वी होते तेवढी झाले, कदाचित थोडी जास्तच. लोकांनी मग बोलणं सोडलं. त्यांच्या दृष्टीने मी पहिल्यासारखी झाले होते, एवढंच. वजन राखणं माझ्या हातात आहे असं डॉक्टर म्हणाले होते. हातपाय तर मी पुष्कळ मारून पाहिले. नेमकं काय करायला हवं होतं, हे मला आजही ठाऊक नाही.

सासूबाई हळूहळू सावरल्या. उन्हाळ्यात पुन्हा माझ्याबरोबर विहिरीवर येऊ लागल्या. रिकामी कळशी घेऊन त्या पुढे चालायच्या आणि मला मध्येच धाप लागायची. मग त्या वाटेवर उभ्या राहायच्या, मी येईपर्यंत.