घडीच्या टेबलाजवळचं स्टूल

सदर कर्मचारी: स्त्री, वय एकावन्न, बांधा मध्यम, हुद्दा धुलाई मदतनीस, रुग्णालय वस्त्रविभाग, तळघर. ओळखीची खूण: उजवीकडे किंचित कललेली. तक्रार: कंबर.

हुद्द्याने त्यांना कुणी हाक मारत नाही. सुकवणीच्या यंत्रावर त्यांचा धाकटा दीर असतो, म्हणून त्या अख्ख्या तळघराच्या वहिनी. धुलाईयंत्रातून ओल्या चादरींचा पिळा उपसायचा आणि उजवीकडे वळून सुकवणीत लोटायचा, यात वहिनींची वीस वर्षं गेली. कंबरही त्यातच गेली. आता त्यांना एकच हवं होतं: चादरींच्या घड्या घालायच्या टेबलाजवळचं रिकामं स्टूल. वजन उचलायला अपात्र ठरलेल्या माणसालाच तिथे बसता येई.

रुग्णालयाने आधी उपचार करून पाहायचं ठरवलं. व्यायामवाल्या बाई वजनाचा चेंडू घेऊन तळघरात उतरल्या. गुडघे जरा सैल, पोट घट्ट, चेंडू छातीपुढे, आणि कमरेवरचं अंग सावकाश वळवायचं. पोट बळकट झालं की पाठीचा भार कमी होतो, असं त्यांनी समजावलं.

वहिनी वळल्या. उजवीकडे. मग पुन्हा उजवीकडे.

"अहो, डावीकडे पण!"

"डावीकडे भिंत आहे ना, बाई."

भिंतीकडे वळायला त्यांना आठवडा लागला. पण सांगितलेलं काम अर्धवट करणं त्यांच्या अंगात नव्हतं. रोज जेवणाच्या सुट्टीत त्या चेंडू घेऊन उभ्या राहत आणि दीर डबा खात बघत बसे.

"वहिनी, कशाला घाम गाळताय? तपासणीला मधेच कंबर धरा, 'आई गं' म्हणा. स्टूल तुमचंच."

"म्हणेन की. घरी तुमच्या भावासमोर रोजच म्हणते. त्यांना कुठे ऐकू जातं!"

तपासणीच्या दिवशी डॉक्टरांनी चेंडू हातात दिला. वहिनींनी 'आई गं' ओठांवर तयार ठेवलं होतं. पण चेंडू हाती येताच पाय आपोआप रोवले गेले, पोट आवळलं, आणि अंग डावीकडे, उजवीकडे, सुताराने बसवलेल्या दारासारखं बिनकुरकुर फिरलं. चेंडू खाली ठेवल्यावर त्या "आई गं" म्हणाल्या. तोवर डॉक्टरांची सही झाली होती.

सदर कर्मचारी ओझे उचलण्यास सर्वथा पात्र. उपचार यशस्वी. सदर व्यायाम विभागातील सर्वांस लागू करण्यात यावा.

स्टुलावर सध्या चेंडू ठेवलेला असतो.