लाल चाफ्याला आलेली पांढरी फुलं

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आई चार महिने माझ्या बहिणीकडे पुण्याला होती. रोज फोनवर एकच चौकशी, चाफ्याला फूल आलं का? मुकुंदवाडीच्या घरापुढचा तो लाल चाफा वडिलांनी स्वतःच्या हाताने कलम करून वाढवलेला. ते गेल्यावर मला तर झाडाकडे पाहूनच त्यांची आठवण यायची.

आणि मी शहाण्याने फेब्रुवारीत त्याची छाटणी केली. सांगितलं होतं कुणी? पण शेंद्र्याच्या कारखान्यात वीस वर्षं मशीन दुरुस्त केल्या की माणसाला वाटतं, आपल्याला सगळंच कळतं. वरच्या फांद्या मरतुकड्या दिसल्या, त्या उडवल्या. खोडाला खालून फुटलेल्या दोन जाडजूड फांद्या कौतुकाने ठेवल्या.

मे महिन्यात फुलं आली ती पांढरी.

आधी मी शेजाऱ्यांवर घसरलो, की तुमच्या साबणाच्या पाण्याने झाड बिघडलं. मग नर्सरीवाल्याला जाब विचारायला गेलो. त्याने माझ्या मोबाइलवरचा फोटो मोठा करून खोडावरचा जुना सांधा दाखवला. सांध्याखाली पांढऱ्या चाफ्याचा खुंट, वर लाल चाफ्याचं कलम. खालून जे फुटेल ते पांढरंच फुलणार.

“लाल तुम्हीच कापलं, साहेब,” तो म्हणाला.

आई रविवारी येणार होती. तोवर रोज सकाळी मी सांध्याच्या वरची साल नखाने खरवडून बघायचो. सगळं वाळलेलं. फोनवर ‘अजून नाही’ असं खोटं सांगायचो. चोराच्या मनात चांदणं, आईचा फोन पहिल्या खेपेला मी उचलायचोच नाही. वडिलांची शेवटची खूण मी कापली होती, आणि हे तिला सांगायचं कसं?

रविवारी रिक्षातून उतरून आई वॉकर टेकवत थेट झाडापाशी गेली. मी एका दमात सगळं कबूल केलं. बोलताना रडू आलं.

तिने हाताला येणारं एक फूल तोडलं आणि बराच वेळ हुंगलं.

“हे झाड माझं हाय,” ती म्हणाली. “लगीन झाल्यावर अजिंठ्याहून, माहेरातून फांदी आणून मी लावलं व्हतं. तुझ्या बापानं मला न इचारता त्याच्यावर लाल कलम केलं.”

मग तिने ते फूल अंबाड्यात खोवलं. वडील होते तेव्हा तिने लाल चाफा एकदाही माळला नव्हता, हे माझ्या त्या दिवशी लक्षात आलं.